मुंबईत नव्याने आलात आणि चाळिशीनंतर गाडी शिकताय?

सांगलीहून या किंवा अकोल्याहून, गावी स्कूटी चालवलेली असो वा नसो, इथे चारचाकी शिकायची म्हणजे आधी पाय शिकवायचे. एस. व्ही. रोड किंवा एलबीएस मार्गावर संध्याकाळी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. त्या गर्दीत ती न धडकता, न बंद पडता सरकवता आली, की अर्ध्याहून जास्त काम झालं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. शिकाऊ लायसन्सचा अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर होतो. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांनी भरून दिलेला फॉर्म १-ए लागतो. आरटीओ चार: ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. बरेच क्लासवाले ३१व्या दिवसाची घाई करतात. ऐकू नका. चौथ्या महिन्यात टेस्ट ठेवा. नापास झालात तर ७ दिवस थांबावं लागतं, तेवढी सवड हाताशी राहते. पक्कं लायसन्स तिशी ते पन्नाशीच्या आत काढलं तर १० वर्षांचं, ५० ते ५५ मध्ये काढलं तर साठीपर्यंतचं, त्यापुढे ५ वर्षांचं मिळतं.

पहिल्या दिवशी गाडी सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसती सीट लावण्यात घालवा. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या, नाहीतर महिन्याभरात गुडघा बोलायला लागतो. उंची कमी पडत असेल तर न घसरणारी घट्ट उशी खाली घ्या. साडीच्या निऱ्या आणि ओढणीचं टोक पेडलमध्ये अडकतं, चप्पल सटकते. पातळ तळव्याचे सपाट बूट घाला. बायफोकल चष्मा असेल तर गाडीची पुढची काच आणि मीटर दोन्ही स्वच्छ दिसतात का, हे उभ्या गाडीत तपासा.

आता हाफ क्लच, म्हणजे क्लच पूर्ण न सोडता मधेच धरणं. क्लच दाबून पहिला गिअर टाका, टाच मॅटवर टेकवा आणि पंजा अगदी सावकाश वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, सीटला बारीक थरथर जाणवते. तिथेच पाय धरा, मनात तीन आकडे मोजा. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर न देताही गाडी मुंगीच्या पावलांनी निघते. मग उरलेला क्लच सोडा. चूक होते ती नेमकी इथे: गाडी हलली की पाय दचकून सुटतो, हिसका बसतो आणि इंजिन बंद पडतं. एका वेळी वीसदा हेच करा. जळका वास आला तर क्लच प्लेट तापली आहे. गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या. सिग्नलला हाफ क्लचवर उभं राहायचं नाही, न्यूट्रल आणि हँडब्रेक.

क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात आणि गर्दीत ते स्वतःच दाबतात. तुम्हाला वाटतं, जमलं! घरची गाडी हाती आली की ती दर सिग्नलला बंद पडते. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी स्पष्ट सांगा, "सर, आज तुमचे पाय वर घ्या. दहादा बंद पडली तरी चालेल." हे सांगायला संकोचू नका. पैसे तुम्ही भरलेत.

चढ येतोच, फ्लायओव्हरवरच्या जॅममध्ये नाहीतर मॉलच्या पार्किंगमध्ये. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थरथर येईपर्यंत क्लच, थोडा ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक खाली. थरथर येण्याआधी हँडब्रेक सोडला की गाडी मागे घसरते. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडीही घसरते, जर तिच्यात चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी हिल होल्ड सोय नसेल.

डावीकडून बाइक आणि रिक्षा घुसणारच, हे गृहीत धरा. डावीकडे वळताना इंडिकेटर, आरसा, आणि खांद्यावरून एक नजर. मान आखडत असेल तर निघण्यापूर्वी ती दोन्ही बाजूंना फिरवून मोकळी करा.

सरावाला रविवारी सकाळी बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, चांगलं. रस्ते रुंद, गर्दी कमी. पुढे-मागे लाल अक्षरातला एल बोर्ड आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवीच. नंतर रोजचा एकच रस्ता धरा, घर ते भाजी मंडई, सकाळी साडेसहाला, पंधरा दिवस. रस्ता पाठ झाला की डोकं गाडीकडे राहतं.

पावसाळ्यात दादरचा हिंदमाता चौक, सांताक्रूझचा मिलन सबवे, अंधेरी सबवे टाळा, तिथे पाणी तुंबतं. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसलं तर मागे फिरा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. खाली उतरा, लोकांना हाक मारा आणि धक्का मारून ती बाहेर काढा.