इसबावर सीबीडीचे मलम लावताना या चुका टाळा

इसबाने हैराण झालेला माणूस सीबीडीचे, म्हणजे भांगेच्या झाडातील कॅनाबिडिऑल या नशा न आणणाऱ्या संयुगाचे, मलम निवडतो तेव्हा त्याचे लक्ष डबीवरच्या एकाच आकड्याकडे असते, तो म्हणजे सीबीडी किती मिलिग्रॅम आहे. पण ५० ग्रॅमच्या डबीत ५०० मिलिग्रॅम सीबीडी असेल, तर ते प्रमाण एक टक्का भरते. उरलेले ९९ टक्के म्हणजे तेल, मेण, पाणी, सुगंध आणि मलम टिकवणारी रसायने. त्वचेची गाठ मुख्यतः पडते ती या ९९ टक्क्यांशी. मलम लावल्यावर आग होते, पुरळ वाढते किंवा काहीच फरक पडत नाही, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच शोधावे लागते.

इसब हा केवळ वरवरचा कोरडेपणा नव्हे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विस्कळीत झालेला असतो. आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात. फिलॅग्रिन नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातील दोषांचा या आजाराशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला, आणि तेव्हापासून त्वचेचा हा बांध दुरुस्त करणे हे उपचाराचे पहिले काम मानले जाते. सीबीडी या चित्रात येते ते खाज आणि दाह यांच्या बाजूने. त्वचेतील पेशींवर आणि चेतातंतूंवर भांगेतील अशा संयुगांना प्रतिसाद देणारी कॅनाबिनॉइड ग्राहके असतात आणि प्रयोगशाळेत सीबीडीचा दाहशामक परिणाम दिसलेला आहे. मात्र माणसांवर झालेले अभ्यास लहान आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सीबीडीचे जे औषध मंजूर केले ते अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी पोटातून घ्यायचे आहे, त्वचेला लावायचे नाही. म्हणून या मलमाकडे उपचाराला जोड म्हणून पाहावे. उपचाराच्या जागी ते ठेवू नये.

निदानाआधीच मलम

खाजणारा प्रत्येक लाल चट्टा इसबाचा नसतो. नायटा, खरूज, सोरायसिस आणि एखाद्या धातूची किंवा साबणाची ॲलर्जी हे सगळे सुरुवातीला एकमेकांसारखे दिसू शकतात. नायट्यावर सीबीडीचे मलम लावत राहिल्यास बुरशी आपली पसरत जाते, आणि खरजेच्या बाबतीत घरातल्या इतरांनाही लागण होते. मलमाने चार-पाच आठवडे गुण आला नाही म्हणून त्याला दोष देणाऱ्यांपैकी काहींना मुळात इसब झालेलाच नसतो.

हेम्पच्या (भांगेच्या) बियांचे तेल म्हणजे सीबीडी नव्हे

डबीवर भांगेच्या पानाचे चित्र असते आणि घटकांच्या यादीत ‘कॅनाबिस सॅटिव्हा सीड ऑइल’ लिहिलेले असते. एवढ्यावरून ते सीबीडीचे मलम ठरत नाही. बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतेच. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असल्यामुळे कोरड्या त्वचेला ते उपयोगी पडू शकते, पण सीबीडीचे दाम मोजून ते घेण्यात अर्थ नाही. घटकांच्या यादीत ‘कॅनाबिडिऑल’ हा शब्द स्वतंत्रपणे आहे का, ते पाहावे.

तो शब्द सापडल्यावरही छापील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या, त्वचेला लावायच्या १०५ उत्पादनांची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८९ उत्पादनांवर सीबीडीचे एकूण प्रमाण छापलेले होते, आणि त्यातील फक्त २४ टक्के उत्पादनांत प्रत्यक्ष प्रमाण छापील आकड्याशी जुळले. शिवाय १०५ पैकी ३७ उत्पादनांत टीएचसी हा नशा आणणारा घटकही आढळला. त्यामुळे स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि त्यावरचा बॅच क्रमांक आपल्या डबीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. एकच जुना अहवाल सगळ्या मालासाठी दाखवला जात असेल तर तो नसल्यासारखाच आहे. सीबीडीचे नियम देशागणिक वेगळे असल्याने, प्रवासात अशी डबी सोबत नेण्याआधी तेही तपासावेत.

पाया चुकला की सगळे चुकते

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. सीबीडीची बरीच मलमे मुळात सांधेदुखी आणि स्नायूदुखीसाठी बनवलेली असतात. त्यांत मेंथॉल, कापूर, निलगिरीचे तेल किंवा मिरचीतील कॅप्सायसिन घातलेले असते. दुखऱ्या गुडघ्याला त्यातून मिळणारा गारवा किंवा ऊब सुखावते. इसबाने उघड्या पडलेल्या त्वचेला मात्र तेच मलम चटका देते. मग माणूस म्हणतो की मला सीबीडी सोसत नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाने अशीच दिशाभूल होते. लव्हेंडर आणि लिंबूवर्गीय तेलांतील लिनालूल व लिमोनिन हवेशी संयोग पावल्यावर ॲलर्जी निर्माण करू शकतात, आणि भांगेच्या पूर्ण अर्कातही हे सुगंधी घटक थोड्या प्रमाणात असतात. त्यामुळे इसबासाठी पूर्ण अर्कापेक्षा शुद्ध, वेगळे काढलेले सीबीडी घातलेले बिनवासाचे मलम निवडावे, असे माझे मत आहे. पूर्ण अर्काचा गुण अधिक असतो हा दावा जाहिरातीत कितीही जोरात केलेला असला तरी. सीबीडी कोणत्या तेलात विरघळवले आहे हेही पाहावे. ऑलिव्ह तेलातील ओलेइक आम्ल त्वचेचा बाहेरचा थर अधिकच सैल करते, म्हणून ते आरोग्यदायी म्हणून कितीही नावाजलेले असले तरी इसबाच्या त्वचेवर नको. लोशनमध्ये पाणी अधिक असते आणि त्यासोबत ते टिकवणारी रसायनेही येतात; भेगाळलेल्या जागी ते झोंबते. जेलमध्ये अनेकदा अल्कोहोल असते. कोरड्या, जाड झालेल्या चट्ट्यांसाठी तेलकट, घट्ट मलमच बरे.

चाचणी आणि लावण्याची पद्धत

नवे मलम थेट चट्ट्यांवर फासण्याऐवजी कोपराच्या आतल्या बाजूला, निरोगी त्वचेवर, एका नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा सात दिवस लावून पाहावे. एका रात्रीची चाचणी पुरत नाही, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया उमटायला दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही अधिक लागतात. या आठवड्यात साबण, शाम्पू किंवा दुसरे कोणतेही मलम बदलू नये. नाहीतर पुरळ कशाने उठले ते कळणार नाही.

लावताना घासू नये, केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरवावे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढे प्रौढ माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कोमट पाण्याने अंघोळ करून, अंग टिपून, त्वचा थोडी ओलसर असतानाच मलम लावल्यास पाणी आत राहते. सर्वांगाला इसब असलेल्या प्रौढाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम साधे स्निग्ध मलम लागते, हे लक्षात घेतले तर ५० ग्रॅमच्या महाग डबीवर सगळी भिस्त ठेवणे किती अव्यवहार्य आहे ते उमगेल. साधे मलम अंगभर आणि सीबीडीचे फक्त हट्टी चट्ट्यांवर, अशी वाटणी करावी.

डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे मलम मनाने बंद करून त्या जागी सीबीडी सुरू करणे धोक्याचे आहे. दाह दबलेला असतो, गेलेला नसतो. उपचार अचानक थांबला की तो उसळतो. दोन्ही वापरायची असतील तर डॉक्टरांना सांगून वापरावीत, तळहातावर एकत्र कालवू नयेत, आणि दोहोंमध्ये साधारण अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही मलमे लावूच नयेत.

त्रास झाला तर

लावल्याबरोबर थोडे झोंबून काही मिनिटांत थांबले, तर त्वचेतील भेगा हे त्याचे कारण असू शकते. आग टिकून राहिली, किंवा लाली मलम लावलेल्या जागेच्या बाहेर पसरली, तर मलम कोमट पाण्याने धुऊन थांबवावे आणि डबी फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी, कारण ॲलर्जीचा दोषी घटक तिच्यावरच्या यादीतून शोधता येतो. पिवळी खपली, पू किंवा चिघळणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. त्यावर सीबीडीचा उपयोग नाही. एकसारख्या बारीक फोडांचे झुबके, खोल गोल व्रण आणि सोबत ताप असेल, तर तो नागिणीसारखा दिसणारा हर्पिसचा संसर्ग असू शकतो, आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गुण येतो आहे असे वाटत असेल तर एक साधा पडताळा घेण्यासारखा आहे. दोन्ही हातांवर सारखेच चट्टे असतील, तर दोन आठवडे एका हाताला सीबीडीचे मलम आणि दुसऱ्याला तशाच घट्टपणाचे, बिनवासाचे साधे मलम लावावे, आणि दर दोन दिवसांनी एकाच उजेडात दोन्ही हातांचे छायाचित्र काढावे. दोन्ही हात सारखेच निवळले, तर आराम देणारे ते ९९ टक्के होते. पुढची डबी साध्या मलमाची घ्यावी.