रक्तपेशींच्या नियंत्रक जनुकांवर काम सुरू करताना

रक्तपेशी घडताना इतर जनुकं चालू-बंद करणारी जनुकं म्हणजे नियंत्रक जनुकं. या विषयात नव्याने शिरणाऱ्यांच्या हातात बहुधा त्यांचा एक तक्ता असतो. गाटा-१ म्हणजे तांबड्या पेशी, पीयू-१ म्हणजे पांढऱ्या, पॅक्स-५ म्हणजे बी-पेशी. परीक्षेपुरता तो ठीक. प्रयोगशाळेत वावरायला लागल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं की ‘हे जनुक काय करतं?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पेशीत, कधी आणि किती प्रमाणात, ही तीन शेपटं जोडल्याशिवाय त्याला उत्तर मिळत नाही.

रन्क्स-१ हे नियंत्रक जनुक घ्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या जनुकाच्या दोन्ही प्रती काढलेले उंदीर गर्भातच, साधारण बाराव्या दिवशी दगावले. यकृतात रक्तनिर्मिती सुरूच झाली नाही. हेच जनुक प्रौढ उंदरातून काढलं तर? प्लेटलेट घटतात, लसिकापेशींची (लिम्फोसाइट) वाढ बिघडते, पण रक्त बनत राहतं. म्हणजे ज्याच्याशिवाय रक्ताच्या मूलपेशी जन्मालाच येत नाहीत, त्याच्याविना त्या पुढे निभावून नेतात! माणसात जन्मतः एक प्रत सदोष असली तर प्लेटलेट कमी असतात आणि ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) धोका वाढतो. आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल झाली (ही आनुवंशशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखली) की रन्क्स-१चा भाग दुसऱ्याच प्रथिनाला जोडला जातो, आणि जी जनुकं त्याने चालू करायची त्यांतली बरीच दाबून धरतो. हे एवढं एक जनुक नीट समजून घेतलं तरी निम्मा विषय हाती लागतो, असं माझं मत.

प्रमाणाची गोष्ट पीयू-१ने शिकवली. उंदरात त्याची पातळी सुमारे २० टक्क्यांवर आणली की तीव्र मायलॉइड ल्युकेमिया होतो. निम्मी उरली तर सहसा होत नाही. त्यामुळे ‘जनुक आहे की नाही’ एवढंच तपासून थांबू नका, पातळी मोजा.

वेळेचं उदाहरण डाउन सिंड्रोम असलेल्या नवजात बाळांचं. त्यांच्यातल्या काहींच्या पेशींत गाटा-१चं प्रथिन तोकडं बनतं आणि जन्मतःच ल्युकेमियासारखं रक्तचित्र दिसतं. बहुतेकांमध्ये ते काही महिन्यांत आपोआप ओसरतं; काहींना पुढे खरा ल्युकेमिया होतो. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत नसेल, तर नुसतं तोकडं गाटा-१ सहसा ल्युकेमियापर्यंत नेत नाही.

ल्युकेमिया शिकायला आलात तरी आधी निरोगी अस्थिमज्जा शिका. ती रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी बनवते, आणि तीव्र ल्युकेमियात बिघडते ती मुख्यतः पक्व होण्याची वाट. म्हणूनच प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रेटिनॉइक अ‍ॅसिड आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिल्यावर अडलेल्या पेशी पुन्हा पक्व होऊ लागतात. रंगवलेल्या काचपट्ट्या बघायचा कंटाळा करू नका. ब्लास्ट (अगदी अपक्व पेशी) आणि प्रोमायलोसाइट (तिच्या पुढच्या टप्प्यातली) यांतला फरक डोळ्यांना कळत नसेल, तर फ्लो सायटोमेट्रीचे (पेशी एकेक करून लेझरने मोजणाऱ्या यंत्राचे) ठिपके तुम्हाला काहीही पटवून देतील.

एकेका पेशीपासून वसाहती वाढवण्याचा प्रयोग जुना वाटतो, पण पहिल्या वर्षी तोच करा. त्यासाठीचं मिथिलसेल्युलोजचं माध्यम इतकं दाट असतं की पिपेटने मोजलं तर बरंचसं टोकालाच चिकटून राहतं. बोथट सुईची सिरिंज घ्या, आणि बशा सुकू नयेत म्हणून शेजारी निर्जंतुक पाण्याची उघडी बशी ठेवा. मानवी पेशींना साधारण १४ दिवस लागतात. तेवढ्यात संगणकावरचं काम शिकून घ्या. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा येत नसतील तर स्वतःच्याच आकड्यांसाठी दुसऱ्यांच्या सवडीची वाट पाहावी लागते.

प्रयोगशाळेत अखंड वाढवता येणारे पेशीवंश (सेल लाइन) सोयीचे असतात: गाटा-१साठी के५६२, आठ-एकवीस अदलाबदलीसाठी कासुमी-१. पण या वर्षानुवर्षं बशीत वाढलेल्या कर्करोगपेशी आहेत, तिथला निष्कर्ष मूलपेशींना जसाच्या तसा लावू नका.

चिप-सीक्वेन्सिंगचे, म्हणजे नियंत्रक प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते दाखवणारे, निकाल पाहून नवखे हुरळतात, आणि ते साहजिकही आहे. हजारो जागी नियंत्रक बसलेला दिसतो. बसला म्हणजे जनुक चालवलं असं नव्हे. प्रथिन काही तासांत नष्ट करण्याच्या डिग्रॉन पद्धतीने पाहिलं, तर लगेच बदलणारी जनुकं त्या मानाने फार थोडी निघतात. पारंपरिक पद्धतीने जनुक दाबून दोन-तीन दिवसांनी मोजलं की त्यात दुय्यम परिणामांची भर पडलेली असते. म्हणून पीएचडीसाठी प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकांना थेट विचारा: तुमच्याकडे नियंत्रक काढल्यावर पहिलं मोजमाप किती तासांनी घेतात, आणि रुग्णांच्या पेशी कुठून मिळतात?