एफो रीरो पाणचट का होतं? पहिल्यांदा करताना या चुका टाळा

नायजेरियात लेगोसला आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्यांना घरी जेवायला बोलावलं आणि हौसेने एफो रीरो केलं, सोबत भाजलेला याम आणि बोली म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मोठं केळं. एफो रीरो हे योरुबा लोकांचं पालेभाजीचं स्ट्यू, लाल मिरच्यांच्या वाटणात पाम तेल, मांस, सुके मासे असं सगळं घालून केलेलं. माझं झालं होतं लाल पाण्यात पोहणारा पाला. शेजारच्या काकूंनी (इथे वयाने मोठ्या बायकांना 'मा' म्हणतात, मीही तेच म्हणते) एक घास खाल्ला आणि प्रेमाने म्हणाल्या, सूप छान झालंय हं. सूप!

नंतर त्यांच्याच किचनमध्ये उभं राहून शिकले. माझ्या जवळजवळ सगळ्या चुका पाण्याच्या होत्या, आणि त्या आपल्या सवयीतूनच येतात. वाटण केलं की मिक्सरचं भांडं विसळून ते पाणी आत, रस्सा कमी वाटला की कपभर गरम पाणी, भाजी टाकली की वर झाकण. इथे तिन्ही बंद.

वाटणापासून सुरू करू. ताताशे म्हणजे लांबट लाल मिरची, रंग आणि गोडवा त्याचा, आणि रोडो म्हणजे ती छोटी गोलमटोल जहाल मिरची. सहा माणसांना ५-६ ताताशे, २ रोडो, एक कांदा, आणि हे भरड वाटायचं, गंधासारखं नाही. टोमॅटो बरेच जण घालतच नाहीत, घातला तर एखादाच, नाहीतर आंबट होतं. मग वाटण आधी कोरड्या पातेल्यात उकळवून पाणी आटवायचं किंवा सरळ चाळणीत निथळायला ठेवायचं, त्यानंतरच तेलात. भारतात ताताशेऐवजी लाल ढोबळी मिरची घेणार असाल तर हे डबल महत्त्वाचं, कारण तिला फार पाणी सुटतं. रोडोऐवजी लवंगी चालेल पण तिखटपणापुरतीच, रोडोचा तो फळासारखा वास तिला नाही. आणि रोडो चिरल्यावर डोळ्याला हात लावू नका, हे मी अनुभवाने सांगतेय.

तेलाचं म्हणाल तर आपल्याकडे पाम तेल म्हणून जे पिवळट रिफाइंड मिळतं ते नाही चालणार. इथलं एपो पुपा लालभडक असतं, त्याला स्वतःची चव असते, थंडीत थिजतं. दीडेकशे मिली घ्या, मध्यम आचेवर नुसतं गरम करा. धूर निघेपर्यंत तापवून रंग उडवतात ते आयामासेसाठी, तो हिरव्या मिरच्यांचा वेगळा प्रकार आहे, इथे तसं केलंत तर रंग गेला आणि चवही गेली. तेल बघून घाबरून अर्धं करू नका, वाटण त्यात १५-२० मिनिटं परतून तेल कडेला सुटायला हवं, हे तर आपल्याला मटणाच्या रश्श्यावरून माहितीच आहे.

वाटणाच्या आधी तेलात कांदा आणि इरू. इरू म्हणजे एका झाडाच्या शेंगांतल्या बिया शिजवून आंबवलेल्या, आणि वास… पहिल्यांदा मी डबा उघडून लगेच बंद केला होता. पण सुकट खाणाऱ्या घरातल्या माणसाने नाक मुरडू नये! इरू वगळणं ही चूकच. अख्ख्या दाण्यांचं मिळतं ते इरू वोरो घ्या आणि धुवून घ्या, कधीकधी खडा निघतो.

मिठाची चूक नवखे सगळेच करतात. इरूला मीठ असू शकतं, मांसाच्या स्टॉकला असतं, चवीसाठी स्टॉकचा तयार क्यूब टाकतो त्यात असतं, धुरावलेल्या माशात असतं, आणि इथे ज्याला क्रेफिश म्हणतात ती सुक्या बारीक कोळंबीची पूड, म्हणजे आपला जवळाच समजा, तीही खारट. म्हणून मीठ अगदी शेवटी, चव बघून. खारट झालंच तर अजून पाला घाला, पाणी नाही. तिखट झालं तरी तेच.

आता पाला. इथे शोको किंवा तेते वापरतात. शोको म्हणजे चक्क आपलं कुर्डू, पावसाळ्यात रानभाजी म्हणून खातो ते, आणि तेते माठाच्या कुळातला. म्हणजे पुण्यात बसूनही हे जमेल, लोक उगाच पालकावर जातात आणि पालक सगळ्यात जास्त पाणी सोडतो. पाला उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग गार पाण्यात, मग दोन्ही हातांनी घट्ट पिळायचा, कोथिंबीर वडीची कोथिंबीर पिळल्यासारखा. शोकोचं काळपट पाणी निघतं, निघू द्या. मांस, मासे वगैरे वाटणात मुरल्यावर सगळ्यात शेवटी पाला, ४-५ मिनिटं, झाकण न ठेवता. रीरो म्हणजे ढवळलेलं, नावातच कृती आहे. झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत आत पडतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. तरीही पातळ झालं? पाला झाऱ्याने बाजूला काढा, खालचं लाल आटवा, परत एकत्र करा. अख्खं स्ट्यू आटवत बसलात तर पाल्याचा लगदा होईल.

भाजायच्या गोष्टींत घोळ निवडतानाच होतो. याम म्हणजे रताळं नाही आणि सुरणही नाही, कोनफळाचा भाऊबंद, पण आतून पांढरा. सालीसकट जाड तुकडे करून ज्वाळा बसलेल्या निखाऱ्यावर फिरवत राहायचं, मग करपलेली साल सुरीने खरवडायची. ओव्हनमध्ये २०० डिग्रीला पाऊण ते एक तास. घाई केली की बाहेर कोळसा आणि आत कच्चं, आणि कच्चा याम खायचा नसतो. बोलीसाठी केळं पिवळं पण घट्ट हवं. हिरवं घेतलं तर लाकूड, काळं पडलेलं घेतलं तर निखाऱ्यावर ओघळतं. वसईकडे राजेळी मिळाली तर उत्तम.

आणि हे आधी भाजून ठेवू नका. याम गार झाला की दगड होतो. एफो खुशाल दोन तास आधी करा, मुरून चांगलंच लागतं, पण याम आणि बोली पाहुणे घरात आल्यावरच निखाऱ्यावरून थेट ताटात. तरी याम उरलाच तर सकाळी त्याच्या कापा तेलात तळा, आणि कढईच्या तळाशी राहिलेलं लाल तेल त्याच्यावर.