मायलोपेरॉक्सिडेझची एलायझा चाचणी : नमुना घेण्यापासून आकडा लिहिण्यापर्यंत

मायलोपेरॉक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये साठवलेले असते. पेशीच्या शुष्क वजनाचा सुमारे ५ टक्के भाग त्याचाच असतो आणि पुवाला येणारी हिरवट छटाही त्याच्यामुळेच येते. दाह सुरू झाला की पेशी ते बाहेर टाकतात, म्हणून रक्त, लाळ, थुंकी किंवा सांध्यातील द्रव यांतील त्याच्या प्रमाणावरून न्यूट्रोफिल किती सक्रिय झाले आहेत याचा अंदाज बांधता येतो. मात्र नमुना नळीत आल्यानंतरही या पेशी जिवंत असतात आणि विकर सोडत राहतात. त्यामुळे एलायझा या चाचणीत, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिन पकडून रंगावरून त्याचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीत, प्लेटला हात लावण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक चुका होऊन गेलेल्या असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तासाठी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी वापरावी. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, टाळावे, कारण रक्त गोठत असताना न्यूट्रोफिल आपल्याकडील विकर सोडतात आणि मग रुग्णाच्या शरीरातील पातळीऐवजी नळीत घडलेली घटनाच मोजली जाते. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मायलोपेरॉक्सिडेझवर तीव्र धन प्रभार असल्याने ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटून राहते, आणि रुग्णाला हेपॅरिनचे इंजेक्शन दिले की तेथून सुटून रक्तात येते. म्हणून रक्त घेण्यापूर्वी हेपॅरिन दिले होते का, हे विचारून अर्जावर नोंदवावे. नळीही हेपॅरिनची नसावी.

नळी लगेच बर्फात ठेवावी आणि अर्ध्या तासाच्या आत ४ अंश सेल्सिअसला, १५०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट बलाने, १५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करावी. वरचा प्लाझ्मा काढताना लाल पेशींवरच्या पांढुरक्या थराला पिपेटचे टोक लागू देऊ नये. थोडा प्लाझ्मा वाया गेला तरी चालेल, कारण तो थर म्हणजे नेमक्या ज्या पेशी टाळायच्या त्यांचाच साठा असतो. काढलेला प्लाझ्मा पुन्हा एकदा अधिक वेगाने फिरवून, लहान लहान भागांत वाटून, उणे ८० अंशाला ठेवावा. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नये.

लाळ फिरवून वरचा स्वच्छ भाग घ्यावा. सांध्यातील द्रव फार चिकट असल्यास हायलुरोनिडेझ या विकराने पातळ करून घ्यावा लागतो. थुंकी विरघळवण्यासाठी डायथायोथ्रेइटॉल वापरतात. ते डायसल्फाइड बंध तोडते, आणि असे बंध या विकरातही असतात व प्रतिपिंडांतही. त्यामुळे मानक द्रावणेही (तुलनेसाठीची, माहीत प्रमाणाची) तेवढ्याच डायथायोथ्रेइटॉलमध्ये बनवावीत.

पुढची कृती नेहमीच्या सँडविच एलायझाची आहे : ९६ खळग्यांच्या प्लेटवर पकडणारे प्रतिपिंड, त्यावर नमुना, मग बायोटिन जोडलेले दुसरे प्रतिपिंड, नंतर स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला चिकटणारे प्रथिन आणि त्याला जोडलेले एचआरपी हे विकर), शेवटी टीएमबी (एचआरपीमुळे ज्याला रंग येतो ते द्रव्य). प्रत्येक टप्प्यानंतर प्लेट नीट धुवावी आणि आम्ल घालून रंग थांबवल्यावर ४५० नॅनोमीटरला वाचन घ्यावे. वेळ व तापमान चाचणी-संचाच्या (किटच्या) पत्रकाप्रमाणेच पाळावे.

येथे या विकराची एक खास अडचण आहे. एचआरपी हे पेरॉक्सिडेझ, आणि आपण मोजतो आहोत तेही पेरॉक्सिडेझच. प्रतिपिंडाने धरून ठेवलेले मायलोपेरॉक्सिडेझ स्वतःच टीएमबीला रंग देऊ शकते. म्हणून सर्वाधिक प्रमाणाच्या एका नमुन्यासाठी एक खळगा असा ठेवावा, की ज्यात एचआरपी न घालता थेट टीएमबी घातले आहे. तेथे रंग आला तर त्या प्लेटचे आकडे तसेच्या तसे स्वीकारू नयेत. धुण्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइडही नसावे, कारण ते एचआरपीचे कार्य रोखते.

नव्या प्रकारचा द्रव पहिल्यांदा मोजताना तो किमान तीन पातळ्यांवर पातळ करून पाहावा. पातळ करण्याच्या पटीने गुणल्यावर तिन्ही उत्तरे जवळजवळ सारखी यायला हवीत. पातळ करत गेल्यावर उत्तर वाढत असेल, तर एक तर द्रवातील अन्य घटक अडथळा आणत आहेत किंवा विकर इतके जास्त आहे की प्रतिपिंड अपुरे पडत आहेत. माहीत असलेले प्रमाण नमुन्यात मिसळून त्यातील ८० ते १२० टक्के परत मिळते का, हेही तपासावे. मानक द्रावणांच्या वाचनांवरून काढलेला मानक वक्र इंग्रजी एस अक्षरासारखा असतो, त्यामुळे त्यावर सरळ रेषा न बसवता चार घटकांचे लॉजिस्टिक समीकरण वापरावे.

ही चाचणी विकराचे वस्तुमान मोजते, त्याची क्रिया नव्हे. प्लाझ्मातील सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाने निष्क्रिय केलेले विकरही प्रतिपिंडाला सापडू शकते. म्हणून अहवालात ‘क्रियाशीलता’ हा शब्द वापरू नये आणि आकड्याशेजारी द्रवाचा प्रकार, नळीचा प्रकार, रक्त घेतल्यापासून सेंट्रिफ्यूजपर्यंत गेलेला वेळ आणि नमुना किती पट पातळ केला हे लिहावे.