कोपनहेगनचा फूटपाथ मोजायचा कसा आणि ती मोजणी पुण्यात लावायची कशी

वास्तुरचनेच्या पुढच्या शिक्षणासाठी कोपनहेगनला गेलेले विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच स्ट्रॉयेट हा पायी चालण्याचा रस्ता बघून येतात आणि भरपूर फोटो काढतात. ते फोटो इथे दाखवले की उत्तर ठरलेलं असतं: "तिथली माणसं वेगळी, आपल्याकडे हे चालायचं नाही." फोटोने हा वाद मिटत नाही, मापाने मिटतो. म्हणून परदेशातल्या त्या दोन वर्षांत एक रस्ता नीट मोजून घ्यावा.

एवढं मात्र आधी माहीत असावं की कोपनहेगनही पूर्वी असं नव्हतं. तिथले चौक मोटारी लावायच्या जागा झाले होते. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी स्ट्रॉयेट प्रयोग म्हणून मोटारींना बंद झाला, तेव्हा दुकानदारांना धंदा बसेल अशी भीती होती. डेन्मार्कच्या थंडीत इटलीसारखं रस्त्यावर कोण बसणार, असंही बोललं जात होतं. १९६४ मध्ये बदल कायम झाला. डॅनिश वास्तुकार यान गेल आणि त्यांच्या वास्तुकला विद्यालयातल्या सहकाऱ्यांनी तिथे माणसं मोजायला सुरुवात केली. १९६८, १९८६ आणि १९९५ असं पुन्हा पुन्हा मोजल्यामुळे पुढचा प्रत्येक निर्णय आकड्यांवर घेता आला.

माणसं मोजणं

साहित्य थोडंच लागतं: ५ मीटरचा पोलादी टेप, ३० मीटरचा कापडी टेप, दोन हातमोजणी यंत्रं, जाड पुठ्ठ्यावर लावलेला रस्त्याचा १:२०० नकाशा आणि पेन्सिल. पावसात शाई पसरते.

मंगळवार ते गुरुवारमधला, कोरड्या हवेचा आणि सुट्टी नसलेला दिवस निवडा. रस्त्यावर एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मनातल्या मनात रेषा आखा. दर तासाला १० मिनिटं ती रेषा ओलांडणारी माणसं मोजा आणि आकड्याला ६ ने गुणा. दोन्ही दिशा वेगळ्या ठेवा. सायकल हातात धरून चालणारा मोजायचा, सायकलवर बसलेला नाही. बाबागाडीतलं मूल मोजायचं की नाही हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळा. चूक बहुतेक वेळा इथेच होते: सकाळी एक नियम, संध्याकाळी मित्र मोजायला बसला की दुसरा.

थांबलेली माणसं वेगळ्या फेरीत टिपायची. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच चालत जा आणि ज्या क्षणी ज्याच्या समोर पोहोचाल त्या क्षणी तो काय करतोय ते नकाशावर खुणेने मांडा: उभा, बाकावर, पायरीवर, कॅफेच्या खुर्चीत, खेळणारं मूल. मागे वळून भर घालायची नाही. कॅफेची खुर्ची आणि फुकट बसायचा बाक यांच्या खुणा वेगळ्या हव्यातच, कारण पैसे न देता बसायला जागा किती, हे त्यातूनच कळतं.

छेद काढणं

मग रस्त्याचा १:५० छेद, म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखं दाखवणारं चित्र, काढा. फूटपाथची एकूण रुंदी लिहून भागत नाही. चालायला खरोखर मोकळी असलेली रुंदी लिहा. ३ मीटरच्या फूटपाथातून दुकानाची मांडणी ०.५ मीटर आणि झाडं-खांबांचा पट्टा ०.९ मीटर वजा केला तर हाती १.६ मीटर उरतात. गर्दीचा हिशेब याच मापावर करायचा. दर मिनिटाला, दर मीटर रुंदीमागे १० ते १५ माणसांपर्यंत चालणं सुखाचं असतं. २ मीटर मोकळ्या रुंदीवरून १० मिनिटांत ३२० माणसं गेली तर आकडा १६ येतो, म्हणजे लोक एकमेकांना चुकवत चालताहेत.

कोपनहेगनच्या जुन्या फूटपाथची बांधणी जवळून बघण्यासारखी आहे. मोठ्या सपाट फरशांच्या दोन रांगा, आणि त्यांच्या मध्ये व कडेला लहान दगडांचे पट्टे. फरशीवरून बाबागाडीची चाकं सहज जातात. खांब, झाकणं, इमारतींच्या वाकड्या कडा हे सगळं लहान दगडांत सामावतं आणि फरशी कापावी लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र गल्लीच्या तोंडाशी घालवा. तिथल्या अनेक गल्ल्यांत मुख्य रस्त्याचा फूटपाथ गल्ली आली म्हणून खाली उतरत नाही. त्याच उंचीवर, त्याच फरशीत सरळ पुढे जातो. मोटारीला उतारावरून चढून फूटपाथ ओलांडावा लागतो आणि चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं. उताराची लांबी, कर्बची (फूटपाथच्या कडेच्या दगडाची) उंची, फरशी कुठे बदलते आणि पाणी कुठे जातं, हे चारही मोजा. संपूर्ण शहरातून एकच तपशील उचलायचा असेल तर हा उचला.

पुण्यात

लक्ष्मी रस्ता हे चांगलं उदाहरण आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला त्याचा एक भाग पादचारी दिनासाठी वाहनांना बंद ठेवण्याची सुरुवात झाली, त्यामुळे बंद आणि चालू अशा दोन्ही दिवसांची तुलना करता येते. मोजणीत इथे एक रकाना वाढवावा लागतो: फूटपाथवरून चाललेले किती आणि डांबरावरून चाललेले किती. फूटपाथ असूनही निम्मी माणसं डांबरावरून जात असतील तर दोष फूटपाथचा आहे. लोकांच्या शिस्तीवर त्याचं खापर फोडू नये. बसथांब्याजवळ १० मिनिटांचा नमुना फसवतो, कारण एका बसने आकडा दुप्पट होतो. तिथे पूर्ण तास मोजा.

मापांसाठी भारतीय रस्ते परिषदेची आयआरसी १०३ ही मार्गदर्शिका हाताशी ठेवा. तिच्या २०१२ च्या आवृत्तीतली मापं अशी: निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, व्यापारी भागात २.५ मीटर, कर्बची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, उतार १:१२ (१२ मीटर लांबीत १ मीटर चढ). पुणे महापालिकेची स्वतःची रस्ता-रचना मार्गदर्शक तत्त्वंही २०१६ पासून आहेत.

कर्बची उंची सर्रास बिघडते. दुचाकी चढू नये म्हणून फूटपाथ फूटभर उंच बांधला जातो. मग प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी तो तुटतो आणि आजी-आजोबा दर वीस पावलांवर चढउतार करण्यापेक्षा रस्त्यावरून चालतात. उपाय कोपनहेगनचाच: फूटपाथची पातळी अखंड ठेवायची आणि गाडीसाठीचा उतार झाडं-खांबांच्या पट्ट्यात बसवायचा. वाहनं अडवायला फूटपाथवर ठेंगणे खांबे (बोलार्ड) रोवले तर व्हीलचेअरसाठी मध्ये १.२ मीटर सोडावे लागतात, आणि तेवढ्यातून दुचाकी आरामात जाते. म्हणजे खांब्यांनी मोटार अडते, दुचाकी नाही. दुचाकीसाठी कडेला आखलेली जागा द्यावी लागते.

काही गोष्टी मात्र तिथून जशाच्या तशा आणू नयेत. कोपनहेगनला माणसं ऊन शोधतात, पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता सावली. तेव्हा बाक कुठे ठेवायचे हे दुपारी सावलीचा नकाशा काढूनच ठरवा. झाडाच्या बुंध्याभोवती १ मीटर माती उघडी ठेवा. पावसासाठी फूटपाथला १:५० चा आडवा उतार द्या आणि पेव्हरच्या (फूटपाथवर बसवलेल्या ठोकळ्यांच्या) कडेला पक्की धार बांधा. ती नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात खालची वाळू वाहून जाते आणि ठोकळे डुगडुगायला लागतात. हातगाड्यांना छेदात सुरुवातीपासूनच पट्टा आखा, नाहीतर त्या चालण्याच्या पट्ट्यात येणारच. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याचं संरक्षण आहे.

सिग्नलचा हिशेबही सोबत जोडा. १४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतात, पण ०.८ मीटरने चालणाऱ्या वयस्कर माणसाला साडेसतरा. हिरवा दिवा साडेसतराच्या हिशेबाने मागा.

एवढं तयार झालं की दोन छेद, आजचा आणि सुचवलेला, एकाच कागदावर शेजारी शेजारी काढा आणि खाली मोजणीचा तक्ता द्या. पुण्यात महापालिका अंदाजपत्रकासाठी क्षेत्रीय कार्यालयांमार्फत नागरिकांकडून कामं सुचवून घेते, आणि फूटपाथ त्यात बसतो. अर्जात "फूटपाथ सुधारावा" एवढंच लिहू नका. कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत, किती मीटर लांबी, कुठली फाटकं, कुठले डीपी बॉक्स (विजेच्या पेट्या) हलवायचे, असं नावानिशी लिहा.