जत्रेच्या आधी वाचा: अ‍ॅम्प आणि स्पीकर जुळवताना या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या एका जत्रेत आमचं तिसरं गाणं संपायच्या आत उजवीकडचा ट्विटर (बॉक्समधला वरच्या सुरांचा लहान स्पीकर) गेला, चौथ्यात डावीकडचा. मागून एक जण स्टेजजवळ येऊन म्हणाला, "अण्णा, आवाज येतोय, पण शब्द कळंनात." पुढची कन्नड गाणी आम्ही तशीच घोगऱ्या आवाजात म्हटली. स्पीकरचे बॉक्स 300 वॅटचे होते, त्यांना ताकद देणारा अ‍ॅम्प 150 वॅटचा. लहान अ‍ॅम्प लावला की स्पीकरला धोका नाही, हा हिशेब माझाच.

तो हिशेब का चुकतो ते नीट समजून घ्या, कारण आपल्या भागातल्या बेंजो पार्ट्या, भजनी मंडळं, लहान ऑर्केस्ट्रा, सगळे इथंच फसतात. गाण्यात ढोलकीची थाप क्षणभर उसळते आणि बसते, त्यामुळे सरासरी ताकद कमीच लागते. अ‍ॅम्प अपुरा पडला आणि तुम्ही आवाज ओढत राहिलात, की उसळीचं टोक कापलं जातं. लाल क्लिप लाइट पेटतो तो तेव्हा. कापलेली लाट सपाट होते आणि सरासरी ताकद वाढते. साधी लाट पूर्ण चौकोनी झाली तर तिच्यात मूळच्या दुप्पट ताकद असते. त्यात बेस आधी छताला टेकतो आणि वरचे सूर मात्र चढतच राहतात. शिवाय कापलेल्या टोकांतून नवे कर्कश सूर तयार होतात आणि तेही ट्विटरकडेच जातात. बॉक्सवर 300 वॅट लिहिलेलं असलं तरी तो आकडा मुख्यतः वूफरच्या, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, जोरावर असतो. ट्विटर त्यातला अगदी लहान वाटा सोसतो.

म्हणून अ‍ॅम्प घेताना बॉक्सच्या आरएमएस (सतत सोसणाऱ्या ताकदीच्या) आकड्याच्या दीडपट ते दुप्पट ताकदीचा घ्या, आणि अ‍ॅम्पचा तो आकडा तुमच्या बॉक्सच्या ओहमवरचा (ओहम म्हणजे बॉक्सच्या रोधाचं माप) आहे ना ते बघा. आवाज ओढायची सवय असलेला माणूस मिक्सरवर बसणार असेल तर दुप्पट नको, दीडपटीवर थांबा आणि लिमिटर (उसळ्या दाबणारी सोय) चालू ठेवा. पॅम्फलेटवरचा "पीक" आकडा साधारण आरएमएसच्या चौपट असतो, "प्रोग्राम" दुप्पट. पीएमपीओ वाचूच नका, तो आकडा गिऱ्हाइकाला खूश करायला छापतात.

आता ओहम. 8 ओहमचे दोन बॉक्स एकाच चॅनेलला, म्हणजे अ‍ॅम्पच्या एका बाजूला, समांतर जोडले की 4 ओहम होतात, चार जोडले की 2 ओहम. "अजून दोन बॉक्स लावू की, मैदान मोठं आहे," असं म्हणून मागून मागून वायर ओढायची आपल्याकडे सवय आहे. बॉक्सच्या मागं जोडायला दुसरा सॉकेट असतो, त्यामुळे मोह होतो. पण बहुतेक अ‍ॅम्प 4 ओहमच्या खाली उतरायला तयार नसतात. एक तर अ‍ॅम्प स्वतःला वाचवतो, म्हणजे प्रोटेक्ट लाइट लागून आवाज बंद होतो, नाही तर अ‍ॅम्प तापून वास यायला लागतो. दोन बॉक्स ओळीनं, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले तर 16 ओहम होतात आणि अ‍ॅम्प सुखात राहतो, पण ताकद तितकीच कमी पडते.

एकाच चॅनेलवर 8 आणि 4 ओहमचे बॉक्स एकत्र लावू नका. मिळून 2.67 ओहम होतात, आणि 4 ओहमचा बॉक्स दुसऱ्याच्या दुप्पट ताकद खातो. एक जोरात वाजतो, दुसरा मागं पडतो.

ब्रिज मोड, म्हणजे अ‍ॅम्पच्या दोन्ही बाजू मिळून एकच करणं, तर आणखी फसवा. ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पला 8 ओहमचा बॉक्स लावला की आतल्या प्रत्येक बाजूला तो 4 ओहमसारखा वाटतो. तिथं 4 ओहम लावले तर प्रत्येक बाजूवर 2 ओहमचा भार येतो. पाठीमागं छापलेला किमान ओहम वाचल्याशिवाय तो स्विच हलवू नका.

"अ‍ॅम्पचा नॉब अर्ध्यावर ठेवलाय, मग निम्मीच ताकद जाते." हे वाक्य मी दर सीझनला ऐकतो. नॉब फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो. मिक्सरकडून जोरकस सिग्नल आला तर अर्ध्या नॉबवरही अ‍ॅम्प पूर्ण ताकद देऊन क्लिप होतो. आणि मिक्सरच लाल होत असेल तर कापलेली लाट अ‍ॅम्पमध्ये आधीच शिरलेली असते, अ‍ॅम्पचा लाइट पेटला नाही तरी.

जास्त वॅटनं आवाज किती वाढतो तेही ऐका. ताकद दुप्पट केली की फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. तेवढ्याच वॅटवर 97 डेसिबल देणारा बॉक्स सोडून 100 डेसिबलचा घेतला तर अ‍ॅम्प न बदलता ताकद दुप्पट केल्याइतका फायदा होतो. तरी लोक वॅटच विचारतात. रात्री 10 ला बंद करायचंच असतं, त्यात वॅटची चैन कशाला?

वायरकडे कुणी बघत नाही. स्टेजपासून बॉक्स 30 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर तांबं होतं. 0.75 चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये त्याचा रोध जवळपास दीड ओहम. 4 ओहमच्या भाराला पाव ताकद वायरमध्येच संपते! 2.5 चौरस मिलिमीटरची वापरा, आणि गिटारची शिल्डेड वायर स्पीकरला कधीच लावू नका.

जुन्या पीए अ‍ॅम्पच्या पाठीमागं 4, 8, 16 ओहमसोबत 100 व्होल्टचंही टर्मिनल असतं. ते ट्रान्सफॉर्मरवाल्या भोंग्यांसाठी. साधा 8 ओहमचा बॉक्स तिथं लावला तर बॉक्स किंवा अ‍ॅम्प, एक तरी जळाला म्हणूनच समजा.

कार्यक्रमात बिघडलं तर आधी आवाज शून्यावर आणा, अ‍ॅम्प बंद करा आणि स्पीकरची वायर अ‍ॅम्पकडून काढून तिच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. 8 ओहमचा बॉक्स साधारण 6 दाखवतो, दोन समांतर 3 च्या आसपास. शून्याजवळ आकडा आला तर कुठं तरी शॉर्ट आहे, बहुधा जॅकमध्ये. काहीच नाही आलं तर वायर तुटलीय किंवा कॉइल गेलीय. वायर काढून थंड झालेला अ‍ॅम्प पुन्हा चालू केला तरी प्रोटेक्ट लाइट जात नसेल तर दोष अ‍ॅम्पमध्ये आहे.

दोन्ही बॉक्स चालतात, पण बेस पोकळ वाटतो? एका बॉक्सची वायर उलटी लागलीय. साध्या 1.5 व्होल्टच्या सेलची टोकं क्षणभर वूफरच्या वायरला टेकवा. प्लसला प्लस असेल तर कोन पुढं सरकतो. ट्विटरला मात्र ही परीक्षा देऊ नका.