भरावाच्या प्लॉटवरची माती तपासताना या चुका टाळा

पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई, कुठल्याही नव्या सोसायटीचं आवार किंवा बंगल्याचा प्लॉट खोदा, पहिल्या दोन-तीन फुटांत तिथली मूळ माती बऱ्याचदा मिळतच नाही. जे मिळतं ते डंपरने आलेलं असतं, कुणाच्या बेसमेंटचा मुरूम, पाडलेल्या वाड्याचं राबिट, रस्त्याच्या कामातली उरलेली खडी, आणि सगळ्यात वर पाच-सहा इंच लाल माती टाकून त्यावर लॉन. मग वर्षभरात जास्वंद पिवळी पडते, आंबा जागचा हलत नाही, पावसात लॉनवर तळं साचतं, आणि लोक खतावर खत टाकत बसतात. माझं काम रोज मातीच्या नमुन्यांशीच असतं, त्यामुळे ठामपणे सांगतो, यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी खताच्या नसतातच, जमीन काय आहे हे न ओळखल्याच्या असतात. आधी खड्डा, मग रिपोर्ट, मग खत. हा क्रम मोडला की पुढचा सगळा खर्च अंदाजपंचे होतो.

चूक: नकाशात काळी जमीन आहे म्हणून आपलीही काळी

नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, त्यांनी राज्याचे मातीचे नकाशे 1:250000 या प्रमाणावर केलेत आणि ते काम मोठं आहे यात वाद नाही. पण या प्रमाणावर नकाशातला एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर, त्यात तुमचा तीन गुंठ्यांचा प्लॉट दिसणारच नाही, आणि तिथे दहा वर्षांपूर्वी जुनी खाण बुजवली का नाला वळवला हे तर नाहीच नाही. त्यापेक्षा गावातल्या जुन्या माणसाला विचारा, इथे आधी काय होतं. शेत, विहीर, खाण, वीटभट्टी, ओढा, यातलं जे उत्तर येईल त्यावर निम्मी तपासणी ठरते. जुन्या तारखांच्या सॅटेलाइट इमेज फुकट बघता येतात, त्याही बघा.

चूक: फावडंभर वरची माती बघून निकाल देणं

निदान एक मीटर खोल खड्डा घ्या, शक्य असेल तर दोन, एक घराजवळ आणि एक कंपाउंडच्या कडेला. खड्ड्याची एक बाजू सूर्याकडे तोंड करून सरळ उभी कापा आणि खुरप्याने ती थोडी खरवडून घ्या, कारण जेसीबीच्या बकेटने भिंत लिंपली जाते आणि थर दिसत नाहीत.

पिंपरी-चिंचवडकडच्या एका सोसायटीतला खड्डा सांगतो, कारण तो अगदी नमुनेदार होता. वर सहा इंच लाल माती, भुसभुशीत, लॉनची सगळी मुळं तेवढ्यातच. खाली राखाडी मुरूम, रोलर फिरवून इतका दाबलेला की खुरप्याने पापुद्रे निघत होते, आणि त्या दोन थरांमधली रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ. मुळं त्या रेघेवर येऊन आडवी वळलेली. त्याच्या खाली टाइल्सचे तुकडे, विटा, पीओपीचे पांढरे गोळे, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि हा थर सपाट नव्हता, तिरका होता, म्हणजे डंपर जसा रिकामा झाला तसाच राहिलेला. आणि सगळ्यात खाली, साधारण तीन फुटांवर, खरी काळी माती, ओली, चिकट, जुन्या पिकाच्या मुळांच्या खुणा असलेली. ही खालची माती म्हणजे तिथली पूर्वीची जमीन, गाडली गेलेली.

भराव ओळखायच्या खुणा याच, एकदम बदलणारे थर, तिरके ढीग, वेगवेगळ्या रंगांची ढेकळं एकमेकांत मिसळलेली, आणि माणसाने बनवलेल्या वस्तू. नैसर्गिक जमिनीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाला-मुळांतून आलेला कार्बन) वरून खाली हळूहळू कमी होत जातो, इथे तो मध्येच वाढतो, कारण मध्येच कुणाची तरी सुपीक माती येऊन पडलेली असते किंवा जुनी जमीन लागते.

पण इथे एक सावधगिरी, काळ्या मातीत उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि एखादं रॅपर वा काच त्यातून आपोआप दोन फूट खाली जाते. तेवढ्यावरून भराव आहे असं लिहू नका. वस्तू भेगेच्या रेषेतच आहे का पूर्ण थरात पसरलेली आहे ते बघा.

चूक: शेतासारखा एकत्र नमुना घेणं

शेतात आपण आठ-दहा ठिकाणची माती व्ही आकाराचा खड्डा करून घेतो, एकत्र करतो, चार भाग करून अर्धा किलो लॅबला देतो. शेतासाठी पद्धत बरोबर आहे. भरावाच्या प्लॉटवर मात्र प्रत्येक डंपर वेगळ्या साइटवरून आलेला असू शकतो, आणि सगळं मिसळून जी सरासरी येते ती प्लॉटवरच्या कुठल्याच जागेची नसते, एका कोपऱ्यात पीएच (आम्ल-विम्लतेचं माप) 8.6, दुसऱ्यात 7.4, रिपोर्ट म्हणतो 8, आणि तुम्ही दोन्हीकडे चुकीचा उपाय करता. थराप्रमाणे आणि जागेप्रमाणे नमुने वेगळे ठेवा, पिशवीवर खोली लिहा, पैसे कमी असतील तर झाडं जिथे लावायची तिथलेच द्या.

दुसरी गोष्ट कुणी सांगतच नाही म्हणून जरा सविस्तर. लॅबमध्ये माती वाळवून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि चाळणीखाली पडलेल्या बारीक मातीचीच तपासणी होते. म्हणजे विटा, खडी, टाइल्स सगळं वर राहून फेकलं जातं! रिपोर्टवर सेंद्रिय कर्ब 0.6 टक्के, मध्यम, बरं वाटतं, पण जमिनीच्या आकारमानात निम्मं राबिट असेल तर झाडाला प्रत्यक्षात मिळणारी माती निम्मी, ओलावा धरणारी जागा जवळपास निम्मी, अन्नद्रव्यंही निम्मी. त्यामुळे खड्ड्याशेजारीच एक बादली माल चाळून दगड-विटांचा भाग किती ते मोजा आणि रिपोर्टच्या कागदावर हाताने लिहून ठेवा.

चूक: फेस आला म्हणजे सिमेंट

ॲसिडचे थेंब टाकले, फसफसलं, म्हणून डेब्रिज, असा निष्कर्ष लोक काढतात. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते आणि पीएच 8 च्या आसपास असणं इथे नॉर्मल आहे. फरक जागेचा आहे, मूळ जमिनीत चुनखडीचे खडे साधारण खोलीबरोबर वाढतात, भरावात ते कुठेही, वरच्या थरात जास्त आणि खाली एकदम शून्य असेही असतात. आणि फेस खड्यातून येतोय का मॉर्टरच्या वाळू चिकटलेल्या तुकड्यातून, हे हातात घेऊन बघितलं की लगेच कळतं.

चूक: सगळ्या भरावाला एकच नाव

वर्गीकरण म्हटलं की लोकांना वाटतं हे विद्यापीठातलं काम, आपल्याला काय करायचंय. पण नाव बरोबर दिलं की उपाय आपोआप वेगळे होतात. जागतिक पातळीवर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूआरबी या माती-वर्गीकरण पद्धतीत 2006 पासून टेक्नोसोल नावाचा स्वतंत्र गट आहे. वरच्या एक मीटरमध्ये माणसाने बनवलेल्या वस्तू सरासरी 20 टक्के किंवा जास्त असतील तर ती जमीन त्यात जाते. त्या वस्तूंमध्ये 35 टक्क्यांहून जास्त बांधकामाचं राबिट आणि वस्तीचा कचरा असेल तर अर्बिक, कारखान्याची मळी-राख असेल तर स्पॉलिक, सडणारा कचरा असेल तर गार्बिक. नुसता स्वच्छ मुरूम किंवा शेतातली माती आणून पसरली आणि त्यात विटा-प्लास्टिक नाही, तर ती टेक्नोसोल होत नाही, ती बहुधा रेगोसोल, म्हणजे नीट थर न बनलेली कच्ची जमीन, पुढे ट्रान्सपोर्टिक (वाहून आणलेली) हे विशेषण जोडून. आपल्याकडचे सर्रास सगळ्यालाच टेक्नोसोल लिहून मोकळे होतात, रिपोर्टमध्येसुद्धा, आणि मग मुरमाच्या साध्या भरावालाही प्रदूषित समजून लोक घाबरतात.

भारतात मृदा सर्वेक्षणाला सॉइल टॅक्सॉनॉमी ही अमेरिकन वर्गीकरण पद्धत वापरतात. तिच्या 'कीज' या पुस्तिकेच्या 2014 मधल्या बाराव्या आवृत्तीपासून माणसाने वाहून आणलेल्या मालाची वेगळी व्याख्या आहे, आणि असा थर 50 सेंटिमीटर किंवा जास्त जाड असेल तर ॲन्थ्रोपोर्टिक हा उपगट येतो. थरांच्या नोंदीत अशा थराच्या अक्षराआधी टोपीचं चिन्ह (^) आणि आत मानवनिर्मित वस्तू असतील तर शेवटी यू (u) लिहितात. न्यूयॉर्कवाल्यांनी तर आपल्या भरावांना रीतसर नावं दिलीत, राबिटवाला लाग्वार्डिया, समुद्रातून उपसलेल्या वाळूचा बिग ॲपल. सात बेटं जोडत भरावावर वाढलेल्या मुंबईसाठी असं बारकाईचं काम व्हायलाच हवं, आणि ते आपल्या कृषी विद्यापीठांनी आणि महापालिकांनी मिळून करावं असं मला मनापासून वाटतं.

चूक: पिवळी पानं म्हणजे युरिया

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण, नत्राचं नाही (नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी होतात). राबिटमधल्या चुन्यामुळे लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकला की तोही काही दिवसांत बिनकामाचा होतो, साधं ईडीटीए चिलेटही (लोह धरून ठेवणारं खत) एवढ्या पीएचला टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं घ्या, महाग आहे पण चालतं. तात्पुरतं हिराकस 0.5 टक्के पाण्यात करून संध्याकाळी फवारा. गंधक टाकून पीएच उतरवायच्या मागे लागू नका, आत मॉर्टरचे तुकडे आहेत तोवर तो पुन्हा वर येतोच.

चूक: वर लाल माती टाकली की झालं

दाबलेल्या मुरमावर दोन ब्रास लाल माती टाकणं म्हणजे ताटलीत झाड लावण्यासारखं आहे. चिकणमातीची घनता साधारण 1.47 आणि वाळूसर मातीची 1.8 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या वर गेली की मुळं आत शिरत नाहीत, आणि रोलर फिरलेला भराव तिथवर सहज पोचतो. घरच्या घरी बघायचं तर फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि तासात पातळी किती उतरली ते मोजा. एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर आधी तो थर फोडा, झाडाच्या जागी निदान दोन फूट खोल आणि चार-पाच फूट रुंद, फोडलेल्या मालात कंपोस्ट मिसळा, मगच वर नवी माती, आणि तीसुद्धा खालच्या थरात थोडी कालवून, नाहीतर पुन्हा तीच रेघ तयार होते.

चूक: भाजीपाला लावण्याआधी शिसं न तपासणं

मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, त्यात शिसं नाही. जुन्या वाड्यांचा रंग, गॅरेजची जागा, पूर्वीच्या शिसंयुक्त पेट्रोलचा रस्त्याकडेचा धुरळा, हे सगळं भरावातून येऊ शकतं. लॅबला स्पष्ट सांगा, एकूण शिसं हवंय. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी जागेसाठी तपासणीची पातळी 2024 मध्ये 400 वरून 200 पीपीएमवर (किलोभर मातीत मिलिग्रॅम) आणली, तो आकडा डोळ्यासमोर ठेवायला हरकत नाही. त्याहून जास्त आलं तर पालेभाज्या, मुळा, गाजर तिथे नको, बाहेरची खात्रीची माती भरून उंच वाफे करा आणि मुलं खेळतात ती जागा उघडी ठेवू नका, कारण मोठा धोका हातातून तोंडात जाणाऱ्या धुळीचा असतो.

खाडीकाठचा भराव आणि बांधकाम

खाडीच्या गाळाचा भराव असेल तर ईसी (क्षारांचं माप) आधी बघा, आणि ओल्या गाळाच्या पीएचवर विश्वास ठेवू नका, त्यात सल्फाइड असेल तर वाळल्यावर तो आम्लधर्मी होतो, म्हणून काही आठवडे हवेत ठेवून परत मोजा. सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल तर तळघर किंवा बंद खोली तिथे करण्याआधी तज्ज्ञ बोलवा. घराचा पाया भरावावर टेकवू नका, आणि पीओपीचे गोळे दिसत असतील तर इंजिनिअरला सल्फेटची टेस्ट करायला लावा, सल्फेट काँक्रीट खातं.

आणि स्वतः भराव करून घेत असाल तर मूळ जमिनीची वरची फूटभर माती आधी काढून एका बाजूला ढीग करा, भराव झाल्यावर तीच वर पसरायची आहे. डंपर कुठल्या साइटवरून येणार ते विचारा, पहिल्या गाडीतला माल हातात घेऊन बघा आणि राबिट निघालं तर गाडी तशीच परत पाठवा. हे सगळं जेसीबी यायच्या आदल्या दिवशी ठरवून ठेवा, एकदा रोलर फिरला की कुणी ऐकत नाही.